‘ढ’ बदलत नाही

देहूरोडकडून तळेगावला जाताना जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत घोरावडेश्वराचा डोंगर लागतो. वर कातळात कोरलेली बौद्ध लेणी आहेत आणि त्यांतल्याच एकात पुढे महादेवाची स्थापना झाली. तुकोबा एकांतासाठी ज्या डोंगरांवर जात, त्यांत भंडारा आणि भामचंद्र यांच्या बरोबरीने याही डोंगराचं नाव घेतलं जातं. आज सुट्टीच्या दिवशी पिंपरी-चिंचवडची पोरं पायऱ्या चढून वर येतात, वारा खातात, फोटो काढतात आणि उतरतात.

या लेण्यांत ब्राह्मी लिपीतले शिलालेख आहेत. पुढच्या वेळी गेलात तर त्यांच्यासमोर मिनिटभर उभे राहा. भाषा प्राकृत, म्हणजे मराठीच्या घराण्यातलीच. अक्षरं आपल्या देवनागरीची पूर्वज. तरी काही म्हणता काही लागत नाही. डोळे ठणठणीत आहेत, बुद्धी शाबूत आहे, खिशात पदवीही असेल, पण समोर दिसतात त्या नुसत्या रेघा. अशा वेळी शेजारच्याने तो लेख भरभर वाचला आणि वर विचारलं, ‘एवढं सोपं येत नाही? लक्ष कुठे असतं तुझं?’ तर कसं वाटेल?

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कुठल्याही शाळेत, दुसरी-तिसरीच्या कुठल्याही वर्गात असं एखादं मूल बसलेलं असतं. गप्पांत पुढे, खेळात पुढे, दुकानातून आणलेल्या सामानाचा हिशोब तोंडी बिनचूक सांगणारं. पुस्तक उघडलं की मात्र त्याचं बोट पहिल्याच शब्दावर अडकतं. मराठीने त्याला एकाक्षरी नाव दिलं आहे: ढ.

हे नाव कसं पडलं याची एक गंमतशीर व्युत्पत्ती सांगतात. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत दोन हजारांहून अधिक वर्षांत बहुतेक अक्षरं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. ‘ढ’ मात्र जवळपास होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो ढ. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, तिच्यात एक निकाल दडलेला आहे, की हे मूल काही बदलायचं नाही. वाचताना अडणाऱ्या मुलांना मदत करण्याचा इतिहास हा निकाल फिरवण्याचा इतिहास आहे. महाराष्ट्रात सरकारदरबारी त्याची सुरुवात होऊन जेमतेम तीस वर्षं झाली आहेत.

कानाचं गाव

देहूच्या गाथा मंदिरात भिंतींवर तुकोबांचे चार हजारांहून अधिक अभंग कोरलेले आहेत. वारीच्या दिवसांत तिथे गेलात तर एक दृश्य हमखास दिसतं. एखादी म्हातारी भिंतीसमोर उभी असते आणि शेजारचा नातू एखाद्या ओळीचे पहिले दोन शब्द कसेबसे लावतो. पुढचा अख्खा अभंग आजी म्हणून टाकते. तिला अक्षर-ओळख नाही. भिंतीवर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नाही, पण ते सगळं तिच्याकडे आहे.

तुकोबा स्वतः निरक्षर नव्हते. घरात महाजनकी होती, दुकान आणि सावकारी होती, म्हणजे वह्या-खतं आलीच. देहूच्या आठवणीत दोन बुडवण्या प्रसिद्ध आहेत. एकदा त्यांनी स्वतःच्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली. दुसऱ्यांदा अभंगांच्या वह्या बुडवायला त्यांना भाग पाडलं गेलं, कारण शूद्राने असं लिहिणं धर्ममार्तंडांना मान्य नव्हतं. वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या अशी श्रद्धा आहे. कागद बुडाला तरी अभंग लोकांच्या तोंडी होते, ते कसे बुडणार, असाही या कथेचा अर्थ लावला जातो. अर्थ कुठलाही घ्या, मजकूर जपण्याची जागा फक्त कागद नाही, माणसाचा कानही आहे, हे या गावाला फार आधीपासून ठाऊक होतं.

आणि दुसऱ्याच्या हाताने लिहिण्यात कमीपणा नाही, हेही. चाकणचे संताजी जगनाडे तेलाचा घाणा चालवत. कीर्तनात तुकोबांच्या मागे टाळ घेऊन उभे राहणारे हेच संताजी त्यांचे अभंग लिहून घेत. त्यांच्या वह्यांवरून विनायक लक्ष्मण भावे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘अस्सल गाथा’ छापला. त्याआधी १८६९ साली मुंबई सरकारच्या मदतीने गाथ्याचा पहिला खंड निघाला होता, तोही देहू, कडूस, तळेगाव आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखितांवरून. एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, या रीतीला आज बोर्डाच्या परीक्षेत ‘लेखनिक’ म्हणतात. ती सवलत मिळायला मुलांना १९९६ सालापर्यंत थांबावं लागलं.

सगळं जुनं छान होतं असं मात्र समजू नका. पाठ न होणारी मुलंही त्या काळी असणारच. फरक इतकाच, की वाचता न येणं हा तेव्हा नियम होता, अपवाद नव्हता. शेती, घाणा, कीर्तन, बाजार यांपैकी कशाचंही दार अक्षराच्या किल्लीने उघडत नव्हतं. त्यामुळे ज्याच्या मेंदूला अक्षरं जड जातात असा माणूस आयुष्यभर कुणाच्या लक्षातही येत नसे.

धूळपाटी

एकोणिसाव्या शतकात ज्यांना शिकायला मिळे, ते पंतोजींच्या शाळेत जात. पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवायचं. गिरवताना ते मोठ्याने म्हणायचं. शेकडो वेळा. ‘ओनामा’ हा आपला शब्द तिथलाच, आणि ‘धुळाक्षरं’ हाही. बाकी वेळ पाढे, पावकी, निमकी यांच्या घोकंपट्टीत जाई. जोडीला छडी होतीच. वर्गाबाहेर राहिलेल्यांची संख्या आत बसलेल्यांपेक्षा कितीतरी मोठी होती. मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना तिथे जागा नव्हती. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती याच बंदीविरुद्ध.

धूळपाटीची गोष्ट लक्षात ठेवा. डोळ्याने पाहा, तोंडाने म्हणा, कानाने ऐका आणि बोटाने गिरवा, हे चारही एकाच वेळी करायचं. १९३० च्या दशकात अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन या मेंदूतज्ज्ञाने आणि अ‍ॅना गिलिंगहॅम या शिक्षिकेने वाचनात अडणाऱ्या मुलांसाठी जी पद्धत बांधली, तिचा गाभा नेमका हाच होता. त्यांनी त्याला शिस्तशीर क्रम दिला. सोप्या ध्वनीकडून अवघडाकडे जायचं, एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी चढायची नाही. पंतोजींकडे साधन होतं, पण अडलेल्या मुलासाठी थांबायची तयारी नव्हती. आपण पुढे छापील पुस्तकं आणली आणि धूळपाटी टाकून दिली. छडी मात्र बरीच वर्षं जपून ठेवली.

पर्सी नावाचा मुलगा

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाविषयी एक छोटं टिपण छापून आलं. लिहिणारे होते प्रिंगल मॉर्गन, समुद्रकाठच्या सीफर्ड गावातले डॉक्टर. मुलाचं नाव पर्सी. हुशार, चपळ, गणितात रुची असलेला. नजर उत्तम. सात वर्षांचा असल्यापासून त्याला शाळेत आणि घरी शिकवलं जात होतं, तरी साधे शब्द त्याला लागत नसत. स्वतःचं नाव लिहितानाही तो अक्षरांची उलटापालट करी. त्याच्या शिक्षकाचं म्हणणं मॉर्गननी नोंदवून ठेवलं आहे: सगळं शिक्षण तोंडी दिलं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरेल.

याआधी जर्मनीत १८७७ साली आडोल्फ कुसमाउल यांनी ‘शब्दांधत्व’ अशा अर्थाचा शब्द वापरला होता आणि १८८७ साली रुडॉल्फ बर्लिन यांनी ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द घडवला. पण त्यांच्यासमोरचे रुग्ण मेंदूला इजा होऊन वाचन गमावलेली मोठी माणसं होती. पर्सीने काहीच गमावलं नव्हतं, कारण त्याला ते कधी आलंच नव्हतं. आळशी नाही, मंद नाही, आंधळा नाही आणि तरी वाचता येत नाही, अशा मुलासाठी वैद्यकाने पहिल्यांदाच जागा केली.

पर्सी नेमका त्या काळात का दिसला? कारण इंग्लंडमध्ये नुकतंच सक्तीचं शिक्षण आलं होतं. सगळी मुलं बाकावर बसली की कोण उठून दिसतं ते कळतं. पुढे १९६३ साली शिकागोतल्या पालकांच्या सभेत सॅम्युएल कर्क यांनी ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हा शब्द मांडला. आपण त्याला ‘अध्ययन अक्षमता’ म्हणतो. त्यात वाचनाची अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनाची डिसग्राफिया आणि गणिताची डिसकॅल्क्युलिया अशी नावं येतात. दर शंभर मुलांत पाच ते पंधरा असे तिचे अंदाज दिले जातात. व्याख्या बदलली, भाषा बदलली की आकडाही बदलतो.

सक्ती कुणावर?

आपल्याकडे शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. मुंबई प्रांताचा प्राथमिक शिक्षण कायदा १९४७ चा. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात साक्षर होते सुमारे २८ टक्के. २०११ मध्ये ते ८२ टक्क्यांवर गेले. जगात कुठेही अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे.

पण या प्रत्येक कायद्यात सक्ती होती ती शाळेत येण्याची. आल्यावर वाचता यावं, ही जबाबदारी गुपचूप मुलाच्या खांद्यावर गेली. ज्याला जमलं नाही तो चौथीत किंवा सातवीत नापास होऊन गळून गेला आणि ‘शिकण्यात रस नव्हता’ एवढीच नोंद मागे राहिली. मग आला २००९ चा शिक्षण हक्क कायदा. आठवीपर्यंत कुणालाही नापास करायचं नाही असं ठरलं. अपमान थांबला हे चांगलंच झालं. पण न वाचता येणारं मूल आता ढकललं जात नववीपर्यंत पोचू लागलं आणि तिथे एकदम उघडं पडू लागलं. २०१९ मध्ये कायदा बदलून पाचवी आणि आठवीला नापास करण्याची मुभा राज्यांना परत दिली गेली. पास करा की नापास करा, या भांडणात शिकवायचं कसं हा प्रश्न दोन्ही वेळा मागेच राहिला.

देहूच्या आसपास या प्रश्नाला आणखी एक धार आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. मागोमाग टेल्को, बजाज, एमआयडीसी आणि २००० नंतर चाकणचे मोठमोठे वाहन कारखाने आले. घाण्याच्या गावात पाट्या लागल्या. कामावर घेताना दहावी पास आणि आयटीआय विचारतात. यंत्रावर काम कसं करायचं हे हातांना उत्तम कळत असलं, तरी तिथे पोचायचा रस्ता तीन तासांच्या लेखी पेपरातून जातो. संताजींच्या काळी वाचता न येणाऱ्याचं पोट अडत नव्हतं, आता अडतं.

१९९६

पर्सीच्या टिपणाला बरोबर शंभर वर्षं झाली त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. केंद्राचा अपंग व्यक्तींसाठीचा १९९५ चा कायदा फेब्रुवारी १९९६ मध्ये लागू झाला. त्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची यादी होती आणि अध्ययन अक्षमता त्यात नव्हती. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने मात्र अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य.

हे आकाशातून पडलं नव्हतं. त्यामागे मुंबईतले पालक, विशेष शिक्षक आणि डॉक्टर होते. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन मुंबईत उभी राहिली तीही १९९६ मध्येच. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात बालरोग विभागाच्या केंद्रात अशा मुलांची तपासणी होत असे. तिथल्या डॉ. माधुरी कुलकर्णी आणि डॉ. सुनील करंदे यांनी या मुलांबद्दल पुढे बरंच संशोधन प्रसिद्ध केलं. पद्धत अशी: आधी डोळे आणि कान तपासायचे, मग बुद्धिमापन करायचं, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी घ्यायची. बुद्धी सर्वसाधारण आहे, पण वाचन-लेखन आपल्या इयत्तेपेक्षा दोन वर्षं मागे आहे असं दिसलं की प्रमाणपत्र मिळायचं. बरीचशी मुलं तिथे येईपर्यंत माध्यमिक शाळेत पोचलेली असत. म्हणजे शिकवून फरक पडण्याची सगळ्यात चांगली वर्षं हातची गेलेली.

सवलती साध्या होत्या. जास्तीचा वेळ. शुद्धलेखनाच्या चुकांना माफी. लेखनिक. बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित. आणि दुसरी किंवा तिसरी भाषा सोडून त्याऐवजी कार्यानुभवासारखा विषय. ‘ही मुलं लाड करून घेतात, खोटी प्रमाणपत्रं आणतात’ अशी ओरडही लगेच सुरू झाली. पण लेखनिकाने उत्तर सांगायचं नसतं. तो खालच्या इयत्तेतला असावा असा नियमच आहे. चष्मा लावल्याने डोळ्यांना अक्षर दिसतं, उत्तर डोक्यातूनच यावं लागतं. हेही तसंच.

या यादीतल्या शेवटच्या सवलतीकडे नीट बघा. ज्या भाषांतून सूट मिळत होती, त्यांत मराठीही होती. इंग्रजी माध्यमातल्या मुलासाठी हा खराखुरा दिलासा होता, कारण दोन-तीन भाषांपैकी एकीचं ओझं कमी झालं. पण मराठी माध्यमातल्या मुलाचं काय? मराठी हीच त्याची शाळा. ती सोडून तो जाणार कुठे?

आणि मुळात त्याच्यापर्यंत प्रमाणपत्र पोचणंच कठीण होतं. शीवच्या त्या अभ्यासांतली मुलं प्रामुख्याने इंग्रजी माध्यमातली होती. वाचनाच्या चाचण्या इंग्रजीत होत्या, तेव्हा दुसरं काही शक्यही नव्हतं. त्यामुळे एक विचित्र समजूत रुजली, की डिस्लेक्सिया हा शहरातल्या, इंग्रजी शाळेतल्या, पैसेवाल्यांच्या मुलांचा आजार. २००७ मध्ये ‘तारे ज़मीन पर’ आला आणि हा शब्द घराघरांत पोचला. अमोल गुप्ते यांनी लिहिलेल्या त्या चित्रपटाने हजारो आईबापांना आपल्या मुलाकडे दुसऱ्यांदा बघायला लावलं, हे ऋण मोठं आहे. पण त्यातला ईशानही इंग्रजी शाळेतलाच. शिवाय तो अप्रतिम चित्रकार निघतो. ज्याला चित्र येत नाही आणि वाचनही येत नाही, असं जिल्हा परिषदेच्या शाळेतलं साधंसुधं मूल पडद्याबाहेरच राहिलं.

मराठी वाचणं कशाने जड जातं

‘मराठी जशी बोलतो तशी लिहितो, तिच्यात कसली आलीय अडचण?’ असं आपण सहज म्हणतो. ते निम्मं खरं आहे. २००१ साली एका प्रसिद्ध अभ्यासात इटालियन, फ्रेंच आणि इंग्रज वाचकांची तुलना झाली. डिस्लेक्सिया असलेल्या तिन्ही गटांत वाचताना मेंदूत एकाच भागाचं काम कमी दिसत होतं, पण इटालियन लोक बरंच बिनचूक वाचत. कारण इटालियनमध्ये अक्षर आणि उच्चार यांचं नातं सरळ आहे. म्हणजे सरळ लिपीत अडचण नाहीशी होत नाही, लपते. मूल चुकत नाही, अतिशय हळू वाचतं. आणि हळू वाचणाऱ्याला आपण आजारी म्हणत नाही, आळशी म्हणतो.

उरलेली निम्मी बाजू देवनागरीच्या बांधणीत आहे. ‘कि’ वाचताना वेलांटी आधी दिसते, पण तिचा उच्चार नंतर होतो. ‘सूर्य’मध्ये रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण उच्चार त्याच्या आधीचा. एकटा ‘र’ क्रम, राष्ट्र, सूर्य आणि दुसऱ्या या चार शब्दांत चार वेषांत येतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, प आणि ष यांच्यात केसाएवढा फरक. ‘ख’ जरा सुटा लिहिला की ‘रव’ होतो. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम तर कानाला न ऐकू येणाऱ्या फरकांवर चालतात. काना-मात्रा-वेलांट्या धरल्या तर मुलाला काही मोजकी अक्षरं नाही, शेकडो आकार ओळखायचे असतात. जोडाक्षरांत सराईत व्हायला साध्या मुलालाही चौथी-पाचवी उजाडते.

मजा म्हणजे या लिपीच्या गैरसोयी मोठ्या माणसांनाही टोचत होत्या. सावरकरांनी इ-ई-उ-ऊ हे सगळे स्वर ‘अ’लाच वेलांट्या-उकार लावून लिहावेत असा आग्रह धरला. १९५३ मध्ये लखनौच्या परिषदेत ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे न्यायचं ठरलं आणि १९५७ मध्ये तो निर्णय मागेही घेतला गेला. या सुधारणांचा भर छापखान्याच्या आणि टंकलेखन यंत्राच्या सोयीवर होता. यंत्र अडतं म्हणून लिपी बदलावी असं आपल्याला वाटलं. मूल अडतं म्हणून निदान शिकवणं बदलावं, हा विचार फार उशिरा आला.

फलटणची वाट

तो विचार मराठीत ज्यांनी रुजवला, त्यांत एक नाव मॅक्सीन बर्नसन यांचं. या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ फलटणच्या मराठी बोलींचा अभ्यास करायला आल्या आणि पुढे भारताच्या नागरिक झाल्या. फलटणच्या मंगळवार पेठेतल्या दलित वस्तीतल्या, शाळेतून गळालेल्या मुलांना त्यांनी वाचायला शिकवायला घेतलं. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. ज्यांच्या नावाने ती शाळा आहे, त्या कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भारतातली व्यवसायोपचाराची पहिली शिक्षणसंस्था सुरू केली होती. आज हातात पेन्सिल धरायला त्रास होणाऱ्या मुलाला ज्या उपचाराकडे पाठवतात, तो हाच.

बर्नसन यांचं म्हणणं थोडक्यात असं. आधी ‘अ’ ते ‘ज्ञ’ सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द, हा क्रम मुलाला महिनोन्महिने अर्थापासून दूर ठेवतो. त्याऐवजी थोडी अक्षरं आणि एक-दोन स्वरचिन्हं घ्या, त्यांतून लगेच शब्द आणि वाक्यं बनवा, ती पक्की झाली की पुढचा गट. मुलाची घरची बोली चूक म्हणून खोडू नका. आणि शिकवताना गोष्टी वाचून दाखवणं कधीच थांबवू नका. पुढे पालघरच्या आदिवासी भागात नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ने वाचन शिकवण्याचं असंच नेटकं काम केलं. यांतलं काहीही केवळ डिस्लेक्सियासाठी नव्हतं. पण ज्याला जड जातं, त्याला नीट शिकवण्याचा फायदा सगळ्यात जास्त होतो.

हे महत्त्वाचं का? तर दुसरीतलं मूल वाचत नाही याची कारणं दोन असू शकतात. एक, त्याच्या मेंदूची ठेवण. दोन, त्याला कुणी धड शिकवलेलंच नाही. १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत सुरू झालेल्या ‘प्रथम’च्या ‘असर’ पाहण्या २००५ पासून सांगत आल्या आहेत, की ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही. निम्म्या मुलांना डिस्लेक्सिया असू शकत नाही. चाकण-देहूच्या पट्ट्यात तर मराठवाड्यातून, बिहारमधून, उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांची मुलं एकाच बाकावर बसतात. कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या घरी भोजपुरी. या गर्दीत खरोखर अध्ययन अक्षमता असलेलं मूल शोधायचं, तर आधी सगळ्यांना नीट शिकवावं लागतं. सगळे पुढे सरकले की जो तरीही अडला आहे तो दिसतो.

त्याला तपासायला मराठी साधन मिळालं ते २०१५ मध्ये. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत ‘डाली’ ही चाचणी आणली. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी, शाळेतल्या भाषेतच. पाठोपाठ २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सातची यादी एकवीसवर गेली आणि अध्ययन अक्षमता तीत आली. २०१८ च्या नियमांनुसार प्रमाणपत्र आठव्या वर्षी मिळू शकतं आणि पुढे चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. म्हणजे १९९६ मध्ये जे दहावीच्या उंबरठ्यावर मिळत होतं, ते कागदावर तरी तिसरीपर्यंत खाली आलं आहे. कागद आणि वर्ग यांच्यात आता जे अंतर आहे ते शिक्षकाचं, ओळखणाऱ्या आणि थांबणाऱ्या शिक्षकाचं.

खिशातले संताजी

तुमच्या वर्गात असं कुणी होतं का? आठवून बघा. मागच्या बाकावरचा, वाचायला सांगितलं की पोट दुखणारा, पान पाठ करून वाचल्याचं सोंग आणणारा. किंवा तो तुम्हीच असाल आणि हा लेख डोळ्यांनी न वाचता मोबाइलकडून ऐकत असाल. तसं असेल तर उत्तमच. मोबाइल मराठी वाचून दाखवतो आणि बोललेलं मराठी लिहूनही घेतो. एक बोलतो आणि दुसरा लिहितो, या चाकणच्या जुन्या रीतीला मिळालेलं हे नवं रूप आहे. त्यात चोरी नाही, लाजण्यासारखं तर काहीच नाही.

पण लहान मुलाला हे पुरत नाही. त्याला शिकवावंच लागतं आणि ते शिकू शकतं. कानाने ऐकून, बोटाने गिरवून, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, छडीशिवाय. वाळूचं ताट कुठल्याही घरात होतं. रोजची पंधरा मिनिटं काढता येतात. आपल्याकडे ज्याचा खरा तुटवडा आहे, तो म्हणजे धीर.

घोरावडेश्वरच्या त्या शिलालेखांकडे एकदा परत येऊ. ब्राह्मी वाचण्याची विद्या मधल्या अनेक शतकांत पूर्ण विसरली गेली होती. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ती पुन्हा उलगडली. नाणी तपासत, ठसे जुळवत वर्षानुवर्षं घालवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की सांचीच्या छोट्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. देणगीचे लेख असतील तर शेवटचा शब्द ‘दानं’ असणार. त्या एका शब्दावरून पुढची अक्षरं सुटत गेली.

इतकी शतकं ते लेख कुणालाच वाचता येत नव्हते, पण त्या दगडाला कुणी ढ म्हटलं नाही. लागत नसेल तर आपलीच वाट चुकत असेल असं धरून कुणीतरी दुसरी वाट शोधत राहिलं. दुसरीच्या वर्गात पहिल्याच शब्दावर बोट अडकून बसलेल्या त्या पोराला यापेक्षा जास्त काही नको आहे.